न वाजलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी काठी आहे. पांढरी म्हणायचे ते सवयीने. रंगाचे पोपडे निघून आतले ॲल्युमिनियम उघडे पडले आहे. केरळच्या कुट्टनाडातल्या एका बेटावर, कुरुविळा सरांच्या हातात माझे आयुष्य गेले. सरांची दृष्टी तरुणपणीच गेली होती. ज्यांची जाऊ लागली आहे अशा मुलामुलींना ते चालायला शिकवत.

आमच्याकडे रस्ते थोडे, पाणी फार. बांधाच्या एका बाजूला कालवा, दुसरीकडे भाताचे खाचर, मध्ये अरुंद वाट. टेकायला जमीन मिळाली नाही की माझ्या अंगातून शहारा जाई. त्या शहाऱ्याच्या भरवशावर सर चालत.

त्यांच्यातल्याच जिन्सीचे कॉलेज पलीकडच्या तीरावर होते. एकटीने बोट गाठता आली नाही तर शिक्षण थांबवायचे, असे घरच्यांनी ठरवले होते. बांधावर ती नीट चाले, पण मागून माझी टकटक येत असली तरच.

"सर, उद्या मी एकटी?"

"एकटीच."

"आणि पडले तर?"

"ओली होशील. पोहायला येतं ना?"

"मला येतं. माझ्या पुस्तकांना नाही येत."

दुसऱ्या सकाळी सर तिच्या मागे निघाले, आणि त्यांनी मला उचलून काखेत धरले. माझा आवाज ऐकला की ती त्यावरच विसंबेल, हे त्यांना ठाऊक होते. चपलाही घरीच ठेवल्या होत्या. काठीला याहून मोठे भय नसते. मी हवेत, आणि माझा माणूस तिच्या काठीच्या आवाजामागे अंदाजाने पाऊल टाकत होता.

आमच्या धक्क्याला कठडा नाही. बोट जवळ आली आणि तिच्या काठीचा आवाज इंजिनात बुडाला. सरांनी पुढचे पाऊल टाकले. टाच फळीवर टेकली. चवड्याखाली काहीच नव्हते. मला खाली टेकवले असते तर क्षणात कळले असते.

इंजिन मंदावले. जिन्सी थांबली.

"सर, मागे आहात ना?"

बाजूला चहावाल्या शशीने ग्लास घाईने खाली ठेवला. सरांनी त्या आवाजाकडे तळवा दाखवला. शशी गप्प राहिला. सरही. मी काखेत घामाने भिजले होते.

बोट दूर गेली तेव्हा शशीने त्यांना मागे घेतले. "सर, तुमचा एक पाय धक्क्यावर होता, दुसरा मासे मोजत होता."

"ती चढली का?"

"चढली. तुम्हाला शिव्या घालत चढली."

सर गेले, त्याला आता वर्ष होईल. मी दारामागे टांगलेली असते. माझे तुकडे जोडून धरणारी आतली रबरी दोरी सैल झाली आहे. जिन्सी आता स्वतः मुलांना शिकवते. परवा ती सरांच्या मुलीकडे आली. तिला ती चेच्ची, म्हणजे ताई, म्हणते.

"चेच्ची, त्या पहिल्या दिवशी सर माझ्या मागे होते का? मी विचारलं होतं. म्हणाले, घरी नाश्त्याचं पुट्टू खात होतो."

चेच्चीने माझ्यावरची धूळ पुसली.

"खाल्लं ना पुट्टू. पण मी भरवलं. त्यांच्या हातांची थरथर थांबत नव्हती."

मित्रांनो, एखादा अंध माणूस काठी उचलून निमूट उभा दिसला, तर धावत येऊन त्याचा हात ओढू नका. जवळ जा, हळू आवाजात विचारा. त्याच्या पुढे कुणीतरी चालत असेल.