तळाचा कांदा

अमोसमामाने प्रभुभोजन घेणं थांबवलंय, हे मंडळीत सगळ्यात आधी वत्सलाबाईंच्या लक्षात आलं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकांची एकेक ओळ उठते, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकते आणि भाकर व द्राक्षारस घेऊन परत येते. जानेवारीत मामा उठलाच नाही. आमच्या बाकावरचे सगळे त्याचे पाय चुकवत कसेबसे बाहेर पडले.

"काय अमोसराव, गुडघे गेले वाटतं?" उपासनेनंतर आवारात वत्सलाबाईंनी गाठलं. "उभ्याने घ्या की. पाळकसाहेब काही हाकलून देत नाहीत."

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," मामा म्हणाला आणि माझ्या स्कूटरकडे चालू लागला.

फेब्रुवारीतही तेच झालं. मग मामाच्या छातीत दुखलं, तपासण्या झाल्या आणि बायपासची तारीख मिळाली. मार्चच्या पहिल्या रविवारनंतरचा बुधवार. म्हणजे ऑपरेशनच्या आधी एकच प्रभुभोजन उरलं होतं.

उज्वलामामी गेल्यापासून मामा शरणपूर रोडला आमच्याकडे, आई आणि माझ्याजवळ राहतो. एका संध्याकाळी आई बाहेर गेलेली बघून मी त्याला सरळ विचारलं.

"मी तारलेला नाही, निकिता. पापातून न सुटलेल्याने ती भाकर कशी घ्यायची?" मामा म्हणाला. घरात दूध संपलंय हे सांगावं, तशा आवाजात.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? शेजारच्या बिल्डिंगमध्ये प्रार्थनागट आहे ना, तिथे एक तरुण भाऊ येतो शिकवायला. चांगला मुलगा आहे. त्याने प्रत्येकाला विचारलं, तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं? लोकांनी धडाधड तारखा सांगितल्या. एकीने तर वेळसुद्धा सांगितली. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी काय सांगणार? बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. दृढीकरणाच्या वेळी बिशपसाहेबांचा हात डोक्यावर आला, तेव्हा मी त्यांच्या अंगठीकडे बघत होतो."

मला हसू आलं. त्यालाही थोडं आलं.

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. निर्यातीच्या द्राक्षांवर औषधांचे अंश किती राहिलेत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्याही म्हणण्याला पुरावा काय, हे विचारायची सवय आता हाडात गेली आहे. मी म्हटलं, "मामा, तुझी जन्मतारीख एक जून आहे. ती कुणी ठरवली?"

"मास्तरांनी. शाळेत घालताना."

"म्हणजे खरी तारीख तुला माहीतच नाही. मग तू जन्मलाच नाहीस का?"

तो मोठ्याने हसला. "वकील व्हायला हवी होतीस." मग हसू आवरून म्हणाला, "तारखेचं सोड. ते मी सोडून दिलं असतं. पण तपासणीला हॉस्पिटलात टेबलावर घेतलं ना मला, तेव्हा प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. नुसती भीती. लहानपणापासून म्हटलेली प्रार्थना, तीसुद्धा नाही. आणि आठवला कोण? दाविद."

दाविद म्हणजे माझा धाकटा मामा. मनमाडच्या घरावरून दोघांचं वाजलं. पुढे अमोसमामा त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. दाविदच्या मातीला गेला, पण लांब उभा राहिला.

"माणसांना वरचा माल दिसतो, पोरी. रविवारी कोट, हातात पवित्र शास्त्र, सगळं झकास. तळाला काय आहे ते मला माहीत आहे. एक दिवस ट्रॉली रिकामी होणारच. तेव्हा वांधा निघेल."

वांधा म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मामा आयुष्यभर लासलगावला होता. शामसुंदर शेठ नावाच्या व्यापाऱ्यासाठी तो कांद्याच्या लिलावात बोली बोलायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला पॅसेंजरने त्याच्याकडे नेऊन सोडायची. स्टेशनात गाडी शिरायच्या आधीच कांद्याचा वास डब्यात यायचा, आणि मग सुट्टीभर तो वास नाकातून जायचा नाही. मामीच्या पदराला यायचा, उशीला यायचा. अजूनही कुणी कांद्याची पोती उतरवत असलं की मला गृहपाठ नसलेली सकाळ आठवते.

यार्डात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असायच्या. व्यापाऱ्यांचा घोळका एकीपासून दुसरीकडे सरकायचा. माल वरवर बघायचा, भाव बोलायचा, पुढे. बोली झाली की ट्रॉली त्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात जायची आणि तिथे रिकामी व्हायची. खाली सडका, भिजका कांदा निघाला की व्यापारी भाव पाडायचा किंवा माल परत करायचा. हाच वांधा. ट्रॉली खाली होत असताना शेतकऱ्यांचे चेहरे कसे व्हायचे, ते मी लहान असूनही बघत उभी राहायचे.

मामाची पद्धत वेगळी होती. तो ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फाळका उघडायला लावायचा आणि खालून आत हात घालायचा, पार कोपराच्या वरपर्यंत. उजवी बाही कायम दुमडलेली. बाकीचे हसायचे. "अमोसला जनावरांच्या दवाखान्यात ठेवा, तिथे गायी अडल्यात." मामा आतून चार कांदे काढायचा, दाबायचा, वास घ्यायचा, मगच बोलायचा. एकदा बोलला की शेठच्या खळ्यावर वांधा नाही, असा त्याचा शब्द होता आणि शेठने तो मानला होता.

पुढे कॉलेजात नमुना कसा घ्यावा हा तास झाला. ढिगाच्या वरून घेतलेला नमुना ढिगाबद्दल काहीच सांगत नाही, असं सर म्हणाले, तेव्हा भर वर्गात मला कांद्याचा वास आला होता.

हे सगळं मला त्या संध्याकाळी आठवलं, पण त्याचा त्याच्या भीतीशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली अभ्यास घ्यायला बसल्यासारखी विश्वास आणि भावना यांतला फरक समजावत राहिले. तो मान हलवत राहिला. अखेर म्हणाला, "तुझ्या प्रयोगशाळेत तारणाची चाचणी करतात का गं? केवढ्याला?"

ऑपरेशनच्या आधी त्याला मामीच्या कबरेवर जायचं होतं. मी शुक्रवारी रजा काढली, मैत्रिणीची गाडी मागून घेतली आणि आम्ही सकाळी निघालो. निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांची काढणी चालली होती. मामा खिडकीतून बघत होता आणि रस्त्यावरची जुनी दुकानं शोधत होता. सापडलं नाही की म्हणायचा, "गेलं वाटतं."

लासलगावची आमची स्मशानभूमी लहान आहे. मामीच्या कबरेला मागच्या नाताळात दिलेला चुना अजून बरा होता. मी गवत काढलं, त्याने झेंडू ठेवले, मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली. शेजारी एका माणसाची जागा रिकामी आहे.

"उज्वला, जागा धरून ठेव गं," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "ही कुठे आहे याची मला पक्की खात्री आहे. पण मी तिच्याकडे जाणार का, तेवढंच कळत नाही."

मी त्याचा दंड धरून उभी राहिले. दंड किती बारीक झालाय हे मला तेव्हा कळलं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "जरा यार्डात घे. लांबूनच बघू."

लांबून काही बघितलं नाही त्याने. रांगड्या, म्हणजे उन्हाळीच्या आधी निघणाऱ्या कांद्याचा हंगाम होता, यार्ड भरलेलं होतं. गाडीतून उतरताच तो ओळींमध्ये शिरला आणि मी पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे. घोळक्यातली पोरं नवीन होती, कुणी त्याला ओळखलं नाही. तरी त्याचा हात आपोआप उजव्या बाहीकडे गेला. एका ट्रॅक्टरवरून टोपीवाला म्हातारा ओरडला, "अमोसभाऊ! जित्ते हाय का तुम्ही?"

"बुधवारपर्यंत आहे. पुढचं डॉक्टरला विचार. खाली उतर, बहिरू."

बहिरू चांदवडकडचा शेतकरी. ट्रॅक्टर आता मुलगा चालवतो, आपण नुसते ओरडायला येतो, असं त्याने मला सांगितलं. चहा मागवला. मामाला बिनसाखरेचा. ऑपरेशनचं ऐकून त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग आजच इचारून घेतो. लय वर्सं डोक्यात हाय. गारपिटीच्या साली तुम्ही माझी ट्रॉली घेतली व्हती, आठवतं?"

"बाबा रे, आयुष्यभर ट्रॉल्याच बघितल्या. कुठली म्हणून आठवू?"

"माझी आठवंल. बायको कांद्यावर बसून रडत व्हती. तिला तुम्ही चहा पाजला."

मामाचा चेहरा बदलला. "निळा ट्रॅक्टर."

"हां, तोच. तळाला समदा भिजका माल व्हता. शेतात पडलेला जसा हाय तसा भरला व्हता. तुम्ही फाळका उघडून हात घातला, तवा म्हटलं, संपलं, हा माणूस आता पुढच्या ट्रॉलीकडं जातो. तर तुम्ही बोली बोलले! मंग खळ्यावर ट्रॉली खाली होईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नाय. आता वांधा निघंल, मंग निघंल. तळ उघडा पडला, काळं पाणी गळत व्हतं, अन् तुम्ही म्हणता, चला, पुढची घ्या. घरी गेलो तरी मला झोप नाय. म्हटलं, उद्या ध्यानात येईल त्यांच्या, माणूस पाठवतील. पार पोळ्यापर्यंत मी रस्त्याकडं बघत व्हतो. तुम्हाला कळलंच नव्हतं का?"

"पहिल्याच हाताला कळलं होतं," मामा म्हणाला. "बोटांना पाणी लागलं."

"मंग?"

"मंग काय मंग? तळ बघून बोललो होतो मी. तो धरूनच भाव बोललो. नंतर तोच तळ बाहेर आला, तर त्यात नवीन काय होतं? वांधा काढायचा असता तर बोलीच कशाला बोललो असतो?" मामाचा आवाज चढला. यार्डातला जुना आवाज. मी तो कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "आणि तू पोळ्यापर्यंत वाट बघत बसलास? वेडा का काय? शंका कुणाची घेत होतास, तुझ्या मालाची की माझ्या शब्दाची?"

बहिरूने डोकं खाजवलं. "मालाचीच. तुमच्या शब्दाचं तर ध्यानातच नाय आलं बघा."

मामा पुढे काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलेलं होतं. पण तो तसाच थांबला. चहाचा कप हातात, नजर समोरच्या ट्रॉलीच्या उघड्या फाळक्यावर. तिथून दोन-तीन कांदे घरंगळून खाली पडले होते.

"भाऊ, काय झालं? दुखतंय का?" बहिरू घाबरला.

"नाही," मामा म्हणाला. "काही नाही. चहा गार झाला."

परतीच्या वाटेवर त्याने एकही जुनं दुकान शोधलं नाही. मला सांगायचं खूप होतं, पण या वेळी मी समजावायला लागले तर सगळं बिघडेल एवढं मला कळत होतं. शेवटी त्यानेच विचारलं, "दाविदचं देवाला आधीपासून माहीत असेल?"

"तुझा हात कोपराच्या जरा वरपर्यंतच जायचा, मामा. त्याचा कुठवर जात असेल?"

"हं." मग खिडकीची काच वर घेत तो म्हणाला, "मी आपला पोळ्यापर्यंत रस्त्याकडे बघत बसलोय."

भीती गेली असं नाही. शनिवारी रात्री तो अर्ध्या जेवणावरून उठला, आणि हॉस्पिटलची बॅग भरताना त्याने आईवर उगीचच आवाज चढवला. पण रविवारी त्याने कोट घातला नाही. साधा पांढरा सदरा घातला.

आमच्या ओळीची पाळी आली. मी उठले आणि त्याचे पाय चुकवून निघणार, तर पाय तिथे नव्हतेच. तो उभा होता. कठड्याशी पोचल्यावर लाकडाला धरून तो हळूहळू खाली बसला. पाळकसाहेब जवळ येऊ लागले, तेव्हा मी तिरप्या नजरेने बघितलं. डोळे मिटलेले होते आणि त्याने उजवी बाही कोपराच्या वर दुमडली होती. मग त्याने ओंजळ पुढे केली. पाळकसाहेबांनी भाकर ठेवून वर आपला हात क्षणभर दाबून धरला.

उठताना मात्र त्याला मला धरावं लागलं.

बाहेर आवारात वत्सलाबाई वाटच बघत होत्या. "काय अमोसराव, गुडघे बरे झाले वाटतं?"

"कुठले हो," मामा म्हणाला. "जाम दुखतायत."