फेडरमध्ये तेल

थोरली स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि मिक्सरवर धूळ. मिक्सर म्हणजे वाटण वाटायचा नव्हे, साउंडचा. नवऱ्यामागे लेकाच्या हाती आलेला. घर त्याच्यावरच चालायचं.

कार्यक्रम मैदानात असो नाहीतर गोदामात, सामान परत आलं की आधी थोरलीच्या हवाली. स्पीकरच्या जाळीला मऊ ब्रश, वायरींना कोरडं फडकं, माइकच्या जाळ्या काढून धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. जाड कापडाच्या खोळीही तिनंच शिवलेल्या. एकदा सून ओलं फडकं घेऊन मदतीला आली, तर थोरली म्हणाली, आंघोळच घाल ना त्याला, साबण देते आणून. त्यानंतर सुनेनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

खडी फोडायच्या कारखान्यातल्या कार्यक्रमावरून सामान आलं ते पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखं. लेकानं गडबडीत खोळ गाडीतच ठेवली होती. थोरलीनं त्याला पोटभर ऐकवलं आणि पुसायला बसली. वरची धूळ निघाली, पण फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या सरकत्या खुंट्या, करकरायला लागल्या होत्या. आत गेलेली पूड ब्रशला दाद देईना. लेक म्हणाला, मेकॅनिककडे देऊ या. थोरली म्हणाली, का, मी मेलेय का?

शिवणयंत्र अडलं की ती काय करायची? दोन थेंब तेल. इथंही तेच केलं, चोवीस फेडर होते, एकेकात दोन दोन थेंब. संध्याकाळपर्यंत फेडर लोण्यातून सुरी जावी तसे सरकू लागले. सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं थोरली म्हणाली, हाताला वळण असलं की मेकॅनिक लागत नाही.

पुढचं काम शाळेच्या मोठ्या मेळाव्याचं. दुपारी वारा सुटला. खोळ होती, पण वाजवायच्या वेळी खोळ घालून कसं भागणार? एरवी धूळ बसायची आणि पुसली जायची. या वेळी ती तेलावर बसली आणि तिथंच घर करून राहिली. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना आवाज खरखरला, मधेच गेला, परत आला तो असा किंचाळत की पुढच्या रांगेतल्या बायांनी कानांवर हात ठेवले. लेक फेडर ढकलतोय, तर फेडर चिखलात रुतलेलं चाक. शाळेनं तिथूनच दुसऱ्या साउंडवाल्याला फोन लावला. चार दिवसांत आणखी तीन कामं गेली. अशा बातमीला पाय फुटतात.

मेकॅनिककडे थोरली हट्टानं बरोबर गेली. त्यानं झाकण काढलं. आत काळा लगदा. त्यानं बोटानं थोडा उचलला, हुंगला.

"याला तेल कोणी पाजलं?" त्यानं विचारलं. यात चालतं ते औषध निराळं, लावलं की उडून जातं, असं म्हणाला. धुळीनं आतल्या पट्ट्या खरवडून गेल्या होत्या. हा मिक्सर आता बनत नाही, सुटे भागही मिळत नाहीत. कपाटावर ठेवून द्या, म्हणाला.

"मी घातलं," लेक खाली बघत म्हणाला.

थोरलीच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता. तिथं तिनं पदरानं मिक्सरचं झाकण पुसायला घेतलं.

परत येताना मिक्सर लेकाच्या खांद्यावर. तो म्हणाला, उद्यापासून त्या दुसऱ्या साउंडवाल्याकडे वायरी उचलायला जातो, बोलणं झालंय. बरंच अंतर गेल्यावर थोरलीनं विचारलं, "तेलाचं तुला ठाऊक होतं?"

"मेळाव्याला निघण्याआधीच. हात लावला तर वास आला."

"मग तेव्हाच का नाही बोललास? मेकॅनिकनं धुऊन दिलं असतं."

लेकानं खांदा बदलला.

"आई, तुला कोण सांगणार?"

तो रागानं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं, रागाला तिच्याकडे उत्तरं ढिगानं होती. पण तो आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणाला आणि पुढे चालू लागला. सासूला, दिरांना, सुनेला पुरून उरलेली थोरली मागं उभी राहिली. तो वळून बघेल म्हणून तिनं वाट पाहिली. तो वळला नाही. मग तीही निघाली, चार पावलं मागून.