डावीकडचा तीन

बोरोकाला बिस्किटं भाजायला सांगितलं होतं कुणी? कालमान सर निवृत्त होणार म्हणून देब्रेत्सेनच्या आमच्या गणित विभागाने पालिंका, म्हणजे जर्दाळूची कडक दारू, आणली होती, सॉसेज होते, तेवढं पुरे होतं. पण नाही. बाईसाहेब मधाची चोवीस बिस्किटं घेऊन हजर, प्रत्येकावर पांढऱ्या साखरेने एकेक आकडा.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती, सरांचा गुरुवारचा वर्ग. त्या वर्गासाठी पोरं पार दूरच्या पेच शहरातून गाडी पकडून येतात. इतकी वर्षं सरांचा फळा मी पुसला, त्यांच्या चुका मी गुपचूप सुधारल्या. आणि ही काल आलेली. वर्ग कुणाला देणार, ते सर आज सांगणार होते.

तिने टेबलावर बिस्किटं ओळीने मांडली: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.

"ही मूळ संख्या आहे," ती म्हणाली. "एक आणि ती स्वतः, याशिवाय कशानेच भागत नाही. आता डावीकडचा एक आकडा काढा. उरते तीही मूळ. पुन्हा काढा, तीही मूळ. थेट शेवटच्या सातापर्यंत. शून्य न वापरता अशी याहून मोठी संख्या नाहीच. डावीकडे आणखी कुठलाही आकडा लावून बघा, लगेच बिघडतं."

सरांचा चेहरा खुलला. माझा नुसता जळफळाट. मी खिडकीशी गेले आणि फोनवर एकेक संख्या तपासली. तीनने भागू दे, अकराने भागू दे, कशाने तरी भागू दे. मेली एकही भागेना.

"एनिकेताई, या ना," बोरोकाने हाक मारली. "सरांनंतर तुम्हीच सगळ्यांत ज्येष्ठ. पहिलं बिस्किट तुमचं."

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डावीकडचा तो तीन मी सगळ्यांदेखत मटकावला. टाळ्या पडल्या. मग एकेकजण पुढे येत गेला, ओळ आखडत गेली, आणि दर घासाला पोरं ओरडत होती, "अजून मूळच!"

शेवटी दोन उरली. बोरोकाचा तीन आणि सरांचा सात. तिने हात पुढे केला तसं सरांनी तिला थांबवलं.

"राहू दे गं. सदतीस बरे दिसतायत असे. पुढच्या गुरुवारी वर्ग तूच घे."

सगळे तिच्याभोवती जमले. माझ्या शेजारी आमच्या विभागातला बेंदेगूझ पालिंका ओतत होता, त्याला असल्या वेळी गप्प बसवत नाही.

"काय एनिके, मध कडू लागला वाटतं?"

"जास्त भाजलंय," मी म्हटलं.

अजिबात भाजलं नव्हतं जास्त. बिस्किट झकास झालं होतं. तिच्या बिस्किटावर तीन होता, माझ्याही बिस्किटावर तीनच होता. फक्त तिचा सरांनी जागेवर ठेवला, माझा काढल्यावर संख्येचं काहीच बिघडलं नाही, आणि ते मी स्वतःच खिडकीशी उभी राहून तपासून आले होते.