माझ्यातून गेलेलं गाऱ्हाणं

डोक्याला पोचा पडलेला, मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली अशी वस्तू पाहून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना तारेचा माइक आहे. कोकणातल्या आचरे गावच्या भिकाजींच्या घरी मी पंचवीस वर्षं काढली. दुसऱ्याचं बोलणं मोठं करायचं, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतो आहे, कारण ते पोटात ठेवून ठेवून मी गंजायला लागलो आहे.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची बारीक तार बसवली गेली आणि वर जाळी चढवली गेली. भिकाजींनी मला कोल्हापुरातून आणलं. तेव्हा त्यांनी कर्णे आणि विजेच्या माळा भाड्याने द्यायचा धंदा नुकताच मांडला होता. लग्नं, भजनं, दशावतारी नाटकं, मी कुठे गेलो नाही ते विचारा. एका नाटकात राक्षसाने फिरवलेली गदा माझ्या डोक्यात बसली. भिकाजींनी मला खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि म्हणाले, "टाळक्या चेपला, पण आवाज फुटूक नाय हां." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं जगलो.

पण माझा खरा मान गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे कुठलंही काम हाती घेताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावात गाऱ्हाणं घालावं ते भिकाजींनीच. त्या 'व्हय'साठी कोणी विचार करत बसत नाही. मागणारा आपल्या भल्याचंच मागणार, हे सगळे धरूनच चालतात. मीही धरून चाललो होतो.

पुढे बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली. भिकाजींची सून शर्मिला तेवढी महिन्यातून एकदा मला उन्हात ठेवायची, खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून. तिचा नवरा अजय जहाजावर नोकरीला. घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या, हे तिचं स्वप्न. चिरे येऊन पडले होते. बांधकामासाठी अजयने पाठवलेले पैसे बँकेत होते. त्या खोल्यांचा धंदा कसा करायचा, हे शिकण्यासाठीच तिने त्या शिबिरात नाव घातलं.

'किनाऱ्यावरच्या जमिनीतून श्रीमंती', दोन दिवस, मालवणातलं एक मंगल कार्यालय. प्रवेशाचे थोडे पैसे, वर जेवण. आवाजाचं काम भिकाजींकडे आलं, म्हणून माझा डबाही सामानाच्या पेटीत होता. शिकवणारे विनीत सर पुण्याहून आलेले. पहिल्या सकाळी त्यांनी भिकाजींना शाल आणि नारळ दिला आणि गाऱ्हाणं घालायला लावलं. बिनतारी माइक नेमका तेव्हाच रुसला. मला डब्यातून बाहेर काढलं, आणि खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला.

दोनशे माणसं एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणाली. विनीत सर बाजूला उभे होते. ते भिकाजींकडे बघत नव्हते, माणसांच्या तोंडांकडे बघत होते.

दिवसभर त्यांनी शिकवलं असं काही नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर पैसे न घालता पैसे कसे मिळतात, याच्या गोष्टी सांगितल्या. कसे, ते मात्र 'सुवर्ण' वर्गात कळणार होतं. त्या वर्गाचे साठ हजार. दुसऱ्या दिवशी जेवण लांबवलं, दारं लावून घेतली. मग त्यांनी मला हातात घेतलं.

"बा देवा महाराजा, या माणसांच्या मनातली भीती जाऊ दे रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही माणसं सुवर्ण पायरी चढू देत रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मित्रांनो, माझ्या तारेतून शहारा गेला. पण माइकला तोंड मिटता येत नाही.

"तुम्ही देवाला शब्द दिलात," सर हळू आवाजात म्हणाले. "आता मागच्या टेबलाकडे चला. पहिल्या दहांना सवलत. घरी विचारायला गेलात तर संध्याकाळी ही सवलत नसेल."

शर्मिलाने अजयला फोन लावला. जहाज भर समुद्रात होतं, फोन लागला नाही. तिने सासऱ्यांकडे बघितलं. भिकाजींना वाटलं, देवाला गाऱ्हाणं घातलं आहे, वाईट कसं होईल? त्यांनी होकाराची मान हलवली, आणि तिने खोल्यांच्या पैशांतून साठ हजार देऊन सही केली.

सरांनी लगेच तिला वर बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. "आतापर्यंत माका ह्या कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. "माका विश्वास इलो. तुमीव येवा."

तिची शेजारीण नम्रता तिसऱ्या रांगेत बसली होती. काजूच्या बागेला कुंपण घालायचे पैसे होते तिचे. शर्मिलाचं बोलणं ऐकून ती उठली आणि टेबलाकडे गेली.

सुवर्ण वर्गात एक जाड फाइल मिळाली. आत कुणाकुणाच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स. खरं गुपित म्हणे पुढच्या 'हीरक' वर्गात होतं, अडीच लाखांत. शर्मिलाने पैसे परत मागितले, तेव्हा सहीच्या कागदावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली गेली. त्यानंतर सरांचा फोन लागलाच नाही.

गावच्या जत्रेला भिकाजींनी बिनतारी माइक बाजूला सारला आणि मलाच घेतलं.

"बा देवा म्हाराजा, तुजा नाव घेवन माज्या लेकरांक फसवल्यानी. पयला गाऱ्हाणा मीच घातलंय. सुनेन माज्याकडे बघल्यान, तेवा मान मीच हलवलंय. माका माफ कर रे म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' आलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मी गाऱ्हाण्यानंतरची शांतता मोठी करून ऐकवली. कर्ण्यांतून नुसती घरघर येत होती.

मग शर्मिला पुढे आली. तिने मला सासऱ्यांच्या हातातून घेतलं. "नम्रता, तू माज्या बोलण्यार सही केलंस," ती म्हणाली. "माका तेवा कायएक कळूक नव्हता. तरी मी बोललंय."

नम्रता उठली. पुजाऱ्याने पुढे केलेला खोबऱ्याचा तुकडा तिने घेतला नाही. ती तशीच देवळाच्या पायऱ्या उतरून गेली. शर्मिला मला हातात धरून ती गेलेल्या वाटेकडे बघत राहिली. मला बंद करायचंही तिला सुचलं नाही, आणि तिचा श्वास सगळ्या गावाने ऐकला.

आता मी पुन्हा डब्यात आहे. घरामागच्या चिऱ्यांवर शेवाळ चढलं आहे. अजय मे महिन्यात जहाजावरून उतरणार आहे, आणि त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. शर्मिला हल्ली मला उन्हात ठेवत नाही. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, कोरड्या ठेवा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. कोणी तुमच्या ओळखीच्या सुरात काही मागू लागला, तर 'व्हय' म्हणण्याआधी घरी जाऊन या. तेवढा वेळ जो देत नाही, त्याला काही देऊ नका. माझ्या पोच्याचं मला काही वाटत नाही, तो राक्षस खोटा होता. तुमचा आवाज मात्र एकदा फुटला की कुठला भिकाजी तो पुसून देणार?