चांदणीखालचा डाग

संग्रहालयाचे साहेब आले ते छापील पुस्तिका घेऊनच. वय माझ्या नातवाचं, पण ऐट अशी, की देश यांनीच जन्माला घातला.

"आजी, देशाचा पहिला झेंडा आता संग्रहालयात जाणार. तुम्ही फक्त इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं, की झेंड्याची रचना समितीने केली आणि आमच्या शिवणकामाच्या दुकानाने तो फक्त शिवून दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समितीतली मंडळी तेव्हा परदेशात सुरक्षित बसली होती. झेंडा ठरवला आणि शिवला माझ्या ताईने, याच मशीनवर, भर दुपारी दार लावून. निळं कापड गिरणी कामगारांच्या गणवेशातलं उरलेलं, पांढरं आमच्या पलंगावरच्या चादरीचं. तो चौकात फडकला, रात्री आम्ही उतरवून घरी आणला आणि आठवड्यात पोलीस दारात. "मीच शिवला," म्हणाली ताई. चार वर्षांनी तुरुंगातून सुटली ती खोकला घेऊन, आणि त्याच खोकल्याने गेली.

"यात ताईचं नाव कुठे आहे?"

"पुराव्याशिवाय नाव घालता येत नाही, आजी." त्यांनी पुस्तिका उघडली. "समितीचा विचार बघा किती खोल. चांदणी निळ्याच्या मध्यभागी नाही, काठीकडे सरकलेली आहे. देशाची अखंड वाटचाल, असा त्याचा अर्थ."

शाळेत पोरं हेच पाठ करतात. मला हसूही आलं आणि रागही.

मी ट्रंकेतून झेंडा काढून टेबलावर पसरला, छोटी कात्री घेतली आणि चांदणीच्या एका टोकाखाली घातली.

"आजी, काय करताय? राष्ट्रीय ठेवा आहे तो."

"माझ्या ताईची शिवण आहे ती."

इतकी वर्षं मी त्या टाक्यांना हात लावला नव्हता. आज एकेक करून कापले. चांदणीचं टोक उचललं. खाली निळ्या कापडावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता.

"कापड तेवढंच होतं," मी म्हणाले. "बाहेर बुटांचा आवाज आला म्हणून मी इस्त्री तशीच टेकवून दाराशी गेले. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. चादरीच्या तुकड्यातून तिने दोन चांदण्या कापल्या आणि दोन्ही बाजूंनी डागावर लावल्या. आता सांगा, तुमच्या समितीतलं कोण इस्त्री करत होतं?"

साहेबांनी पुस्तिका मिटली. मग हळूच म्हणाले, "सरकार झेंडा जप्तही करू शकतं."

"करा की. मागे आलेच होते ना जप्त करायला. घर उलटंपालटं केलं. झेंडा माझ्या बुडाखाली होता, मी वर बसून शर्टांना काजं करत होते."

त्यांनी वाकून त्या डागावरून बोट फिरवलं. मग खुर्ची ओढून बसले, कागदावरच्या छापील ओळीवर काट मारली आणि ताईचं पूर्ण नाव विचारलं. मी अक्षर अक्षर सांगितलं, चुकलं तिथे खोडायला लावलं.

"आणि चांदणीचा अर्थ? वाटचाल तशीच ठेवू?"

"नको," मी म्हणाले. "लिहा, चांदणी ताईची. डाग माझा."