लाल पट्टीची बाटली

राग माझ्या नाकावर असतो, हे अख्ख्या प्रयोगशाळेला माहीत आहे. पण त्या दिवशी फ्रिज पुसायला घेतला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लाल पट्टीची बाटली मागच्या खणात तशीच पडलेली, सीलसुद्धा फोडलेलं नाही!

सांगते. बावीस वर्षं मी पेशींना खाऊ घालतेय. चपट्या बाटल्यांत माणसांच्या पेशी वाढतात, आणि दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, हे माझं काम. आमचं संशोधन मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतली चूलच म्हणा ना. ती विझायला लागली की मेंदूतल्या पेशी मरतात, हात थरथरतात, पाय अडतात. माझ्या दादाचं तेच झालंय. दादा शिंपी. त्याच्या दंडाच्या कातडीचा तुकडा आमच्याकडे सात नंबरच्या बाटलीत वाढतोय.

आता पेशी असतात मोठ्या लबाड. नेहमीचं साखरेचं पाणी दिलं की चूल न पेटवताही मजेत जगतात. म्हणून औषध तपासताना ती साखर काढून दुसरी घालायची, जिच्यावर चुलीशिवाय निभावच लागत नाही. दोन्ही पाणी गुलाबीच, म्हणून या दुसऱ्याला लाल पट्टी. अशा दोन बाटल्या होत्या. एक बिनऔषधाच्या पेशींची, ती संपली, पेशीही मेल्या. दुसरी औषधवाल्या पेशींची. त्या मात्र तीन आठवडे ठणठणीत जगल्या आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

औषध दुसऱ्या एका आजारावर आधीपासूनच वापरात होतं, त्यामुळे कातडीचे तुकडे दिलेल्या बारा आजारी माणसांवर चाचणी पटकन ठरली. त्यात दादा. अट एकच, आधी आठवडाभर जुन्या गोळ्या बंद. त्या गोळ्यांच्या जोरावरच तो दिवसातले चार तास माणसात असायचा. बंद करून आज तिसरा दिवस होता.

बाटली घेऊन मी तडक स्लाइडसाहेबांच्या केबिनमध्ये घुसले. आमचे प्रमुख. पडद्यावर रंगीत आलेख दाखवण्यात उभा जन्म गेला, म्हणून हे नाव.

"हे काय आहे?" मी बाटली टेबलावर आपटली. "ही उघडलीच नाही कोणी! साखर खाऊन जगल्या त्या पेशी, औषधानं नाही! कोणत्या गाढवानं भरलं पाणी?"

त्यांनी शांतपणे नोंदवही पुढे सरकवली. "सही कोणाची आहे, बाई?"

माझी. दादा घरात पडल्याचा फोन आला, त्या दिवसाची. एक हात फोनवर, एक बाटलीवर. पुढच्या खणातली साधीच बाटली उचलली, तिच्यावर 'औषधवाल्या' असं लिहिलं, वहीत 'ठीक' लिहिलं आणि पळाले. पुढचे तीन आठवडे मीच त्या बाटलीतून ओतत राहिले. गाढव मीच होते.

"झालं ते झालं," साहेब म्हणाले. "औषधानं अपाय तर नाही ना? चाचणीत नाही चाललं तर नाही चाललं. तुमचंही नाव वाचेल."

"अपाय नाही? माझा भाऊ लाकूड होऊन पडलाय तीन दिवस!"

"चूक तुमची आहे, आवाज खाली करा."

"माझीच आहे! म्हणून तर..." आणि माझं लक्ष वहीकडे गेलं. त्या पानात खुणेचा कागद आधीच घातलेला होता. "साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

ते पेनाचं टोपण लावत बसले. "सोमवारी," म्हणाले.

दादाच्या गोळ्या मंगळवारी बंद झाल्या.

त्यांना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वही काखोटीला मारली आणि दादाचं घर गाठलं.

दादा खुर्चीत कलंडलेला. समोर शिलाई मशीन, वर्षभरानं कव्हर काढून पुसलेलं. वहिनीकडून पुसून घेतलं असणार.

"दादा, आ कर. जुनी गोळी आहे."

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "चारच दिवस राहिलेत. सगळ्याची घाण करू नकोस."

"पाणी मी भरलं, दादा. चुकीचं. ते औषध चालतं की नाही, कोणालाच माहीत नाही." मग साहेबांचा सोमवारही सांगितला.

तेव्हा कुठे त्यानं गोळीसाठी तोंड उघडलं.

गोळी लागू पडायला चाळीस मिनिटं लागतात. बोटं सुटल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते मशीनला कव्हर घालायचं. मी पुढे झाले तर माझा हात झटकला.

"बाकीचे अकरा?" त्यानं विचारलं.

"साहेब कळवतील..."

"सोमवारपासून कळवतायत ना?" जन्मात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस कडाडला. "फोन लाव! आत्ता, माझ्यासमोर!"

कातडीचे तुकडे घ्यायला घरोघरी मीच गेले होते, त्यामुळे नंबर होते माझ्याकडे. पहिला लावला.

"अगंबाई, तुम्ही!" पलीकडून एक बाई घाईघाईनं म्हणाल्या. "यांना नवं औषध द्यायची तारीख आधीची ठरली का हो?"