छप्पन्न अंश

अर्धा तास संपल्याची घंटी वाजली तशी ताईने ती बंद केली, पण नळी गरम पाण्यातून काढली नाही. दाराकडे एकदा बघून तिने यंत्राचा काटा छप्पन्न अंशांवरून ऐंशीवर नेला.

नळीत धाकटीचं उरलेलं सीरम होतं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. प्रयोगात घेण्याआधी ते छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवायचं, ही रोजची पद्धत. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. लहानपणी तिला पाच वेळा हिवताप झाला, ताईला एकदाही नाही. पाचही वेळा आई धाकटीच्या उशाशी, आणि ताई आपलं आपण जेवून, आपलं आपण दप्तर भरून शाळेत. "तुझं काय, तू धडधाकट आहेस," आई म्हणायची.

प्रयोगशाळेत मात्र धडधाकट असण्याला भाव होता. बारा वर्षं इथे तंत्रज्ञ असलेली ताई प्रयोगांसाठी स्वतःचं रक्तही देत आली होती. बिघडलेली पेशी दिसली की तिचा निकाल लावणाऱ्या मारक पेशी रक्तात असतात. त्या ताईच्याच सगळ्यांत तगड्या, असं प्रयोगशाळा चालवणारे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण हिवतापाच्या जंतूंनी घर केलेल्या तांबड्या पेशी पुढ्यात आल्या की त्यातल्या बहुतेक ओळख नसल्यासारख्या शेजारून निघून जात. गेल्या आठवड्यात सरांनी तिथे धाकटीच्या सीरमचे चार थेंब टाकले. जुन्या तापांनी तयार केलेली प्रतिपिंडं त्या आजारी पेशींवर जाऊन बसली, आणि ताईच्या मारक पेशी त्यांना अशा चिकटल्या की फोडूनच मोकळ्या झाल्या.

"तुमच्या बहिणीचं रक्त म्हणजे सोनं आहे," सर म्हणाले.

ताईच्या पेशींचं नाव कुणी काढलं नाही. म्हणजे इथेही धाकटीच. ताईचा असा जळफळाट झाला की दुपारी डबा उघडावासाही वाटला नाही.

ऐंशी अंशांवर सीरम उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट झालं. "यंत्र बिघडलंय बहुतेक," तिने सरांना सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला आणि धाकटीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. सुई तिला लहानपणापासून बघवत नसे. तिने बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तूच घे. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

ताईने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. पहिल्याच टोचणीत रक्त आलं.

"एक सांगू? रागावशील," धाकटी भिंतीशीच बोलावं तशी म्हणाली. "ताप चढला की मी खिडकीतून तुला दोरीवरच्या उड्या मारताना बघायचे. इतका राग यायचा तुझा. आईला म्हणायचे, आता ताईची पाळी."

"मग आई काय म्हणायची?"

"म्हणायची, ती उभी आहे म्हणून माझं निभतंय."

ताईने सुई काढून कापूस दाबून धरला. रक्त थांबलं तरी तिने बोट उचललं नाही.

"पहिलं सीरम यंत्राने नाही बिघडवलं," ती म्हणाली. "काटा मीच फिरवला."

धाकटीने मान वळवली. मग तिने हात सोडवून घेतला, बाही खाली केली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि यंत्राशेजारी जाऊन बसली.

"किती अंश?"

"छप्पन्न. पण आधी रक्त गोठायला हवं, त्यालाच तासभर जाईल. तू घरी जा."

"नाही," काट्यावरची नजर न काढता धाकटी म्हणाली. "आज मी बसते इथे. तू तुझं रक्त काढायला घे."